लांडग्याचा घास कोणाच्या ताटातला?

पुणे, सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या माळावर एका रात्रीत दहा-बारा मेंढ्या मेल्या की दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि तिसऱ्या दिवसापासून वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, गरिबाचं वर्षाचं उत्पन्न गेलं, लांडगे पकडून दूर नेऊन सोडा, नाहीतर आम्हाला मोकळीक द्या. दुसरी म्हणते, देशात जेमतेम तीनेक हजार लांडगे उरलेत, म्हणजे वाघांइतकेच किंवा त्याहून कमी. माळ मूळचा त्यांचा, तेव्हा मेंढरं तिथून हटवा. हा वाद मी बरीच वर्षं ऐकतो आहे. दर वेळी मला एकच गोष्ट खटकते. धनगर आणि लांडगा यांना समोरासमोर उभं करून दोन्ही बाजू आपापला पक्ष निवडतात, पण या दोघांनी इतकी शतकं एकाच माळावर काढली ती कशी, हे विचारायला कोणी थांबत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दख्खनच्या माळावर लांडगा आज शिल्लक आहे तो धनगरांच्या राखणीमुळे. ती राखण म्हणजे रोजचं, रात्रीचं, अंगमेहनतीचं आणि कसबाचं काम आहे. त्याचा सगळा भार एकटा मेंढपाळ उचलतो आणि त्याचं श्रेय मात्र 'सहजीवनाची परंपरा' अशा गोड शब्दांत आपण वाटून घेतो. सरकार पैसे देतं ते मेलेल्या मेंढीचे, तेही मिळाले तर. राखणीचा मोबदला आणि चराईचा हक्क या दोन गोष्टी चर्चेत येत नाहीत तोवर लांडगा वाचवण्याच्या बाता व्यर्थ आहेत.

राखण म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवं. एखाद्या शेतात तीन-चार धनगर बिऱ्हाडांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, उतरतो. दिवस मावळायच्या आत वाघर उभी राहते, म्हणजे काठ्यांना ताणलेली जाळी मेंढरांभोवती लावली जाते. नवी कोकरं वेगळी, माणसांच्या जवळ. कुत्री बाहेर. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढ्या बसवून घेतो, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे रात्रीचा मुक्काम हाच मुळी धंद्याचा भाग. पौषातल्या एका रात्री सुप्याच्या बाजूला अशाच एका वाड्यावर मी मुक्कामाला होतो. कुत्री तीनदा उठली. तिन्ही वेळा कोणीतरी घोंगडं बाजूला सारून, बॅटरी घेऊन वाघरीभोवती चक्कर मारून आलं. एकदा म्हातारे आबा, एकदा त्यांची सून, एकदा चौदा-पंधरा वर्षांचा नातू. सकाळी मी आबांना विचारलं, रात्री लांडगा आला होता का? ते म्हणाले, "असंल, नायतर नसंल. उठाया तर लागतंयच."

लांडगा येवो न येवो, उठावं लागतं. या उठण्याची नोंद कुठल्या सरकारी कागदावर होते?

आता लांडग्याच्या बाजूने पाहू. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं. कर्जतजवळचं रेहेकुरी २.१७ चौरस किलोमीटरचं. लांडग्यांच्या एका कळपाला मात्र शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. म्हणजे आपल्या अभयारण्यांत लांडग्याची एका रात्रीची चालसुद्धा मावत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या जवळपास ८९ हजार चौरस किलोमीटरच्या कोरडवाहू पट्ट्यात अभ्यासकांनी केलेली एक मोठी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पट्ट्याचा अगदी थोडा भाग संरक्षित, तरी निम्म्याहून जास्त भूभागावर लांडग्याचा वावर आढळला. हा सगळा मुलूख शेतांचा, गायरानांचा, रस्त्यांचा आणि मेंढरांचा आहे. काळवीट-चिंकारा जिथे आहेत तिथे लांडगा त्यांची शिकार करतो. पण बहुतेक माळांवर त्याचं पोट शेळ्या-मेंढ्यांवरच चालतं. मेंढरं हटवा म्हणणाऱ्यांनी हे एकदा मनाशी ताडून पाहावं. मेंढरं गेली तर लांडगा खाणार काय? ज्याला आपण त्याचा शत्रू ठरवतो, त्याच्याच ताटातला घास तो खातो आहे.

इथे पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. शहरात राहणाऱ्याने लांडग्यावर प्रेम करायला काहीच मोजावं लागत नाही. लांडगा वाघरीत शिरला की एक मेंढी उचलून निघून जातो असं होत नाही. कोंडलेल्या, सैरावैरा धावणाऱ्या कळपात तो एका दमात अनेक मेंढ्या मारून ठेवतो. ज्याच्याकडे साठ-सत्तर मेंढरं आहेत त्याच्या दहा गेल्या, तर त्या वर्षीचं लेकीचं लग्न किंवा दवाखान्याचं देणं गेलं. अशा माणसाला निसर्गाच्या साखळीचं व्याख्यान देणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. त्याच्या संतापाला मी चूक म्हणणार नाही. लांडग्याच्या बिळात धूर करून पिलं मारल्याच्या घटना घडल्या आहेत, हेही लपवणार नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: हे नुकसान भरून काढायची आपली रीत तरी धड आहे का?

कागदावर ती आहे. लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई राज्यात मिळते, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल मर्यादा, यांतली कमी असेल ती रक्कम. पण अट काय? ४८ तासांत कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा होईपर्यंत थांबायचं. हा नियम गोठा असलेल्या माणसासाठी लिहिलेला आहे. फिरत्या वाड्याने थांबायचं म्हणजे काय करायचं? उरलेल्या दीडशे मेंढरांना दोन दिवस चारा कुठून आणायचा? ज्याच्या शेतात उतरलोय त्याने पुढच्या वाड्याला शब्द दिलेला असतो. ज्या गावात मेंढी मेली त्या गावचा तो नाही, ज्या गावचा आहे तिथलं वनखातं वेगळ्या कार्यालयाचं. आणि कोकरू? कोकरू लांडगा तोंडात धरून नेतो, मागे पंचनाम्यापुरतंही काही उरत नाही. भ्यालेल्या गाभण मेंढ्या गाभडतात, दूध आटतं, कळप चरेनासा होतो. याला रकाना नाही. म्हणून कित्येक मेंढपाळ अर्जच करत नाहीत, आणि मग अर्ज कमी म्हणजे नुकसान कमी, असा हिशोब मांडला जातो.

याच राज्यात राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून २० मेंढ्या आणि एक नर घ्यायला ७५ टक्के अनुदान मिळतं. योजना चांगली आहे. पण मेंढ्या घ्यायला पैसे देणारं सरकार त्या राखणाऱ्या हातांना कामकरी मानतच नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. त्या पोराचा खोटेपणा आपल्या लक्षात राहिला. अख्ख्या गावाची मेंढरं एका लहान पोरावर सोपवून गाव निवांत का बसलं होतं, हे आपण कधी विचारलं नाही.

अमेरिकेतल्या पशुपालकांचा दाखला आपल्याकडे हल्ली वारंवार दिला जातो. कोणी म्हणतं, पाहा, तिथे रँचवाले आणि निसर्गप्रेमी एकत्र आले, कोणी म्हणतं, पाहा, तिथेसुद्धा लांडगे मारावे लागतात. दोन्ही खरं आहे. तरी त्या अनुभवातून शिकण्यासारखं वेगळंच आहे. १९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे यलोस्टोन आणि आयडाहोत सोडले गेले. त्याआधीपासून, म्हणजे १९८७ पासून, 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' ही संस्था मेलेल्या जनावरांची भरपाई देत होती. २०१० पर्यंत सुमारे १४ लाख डॉलर वाटून झाल्यावर तिने ते थांबवलं आणि आपला पैसा हल्ले टाळण्याच्या कामाकडे वळवला. पशुपालकांची तक्रार सुरुवातीपासून हीच होती की सापडलेल्या एका सांगाड्यामागे न सापडलेली किती गेली हे कोणी मोजत नाही. आयडाहोच्या ब्लेन कौंटीत २००८ पासून वुड रिव्हर खोऱ्यात मेंढीपालक आणि संरक्षक यांनी मिळून राखणीवर भर दिला. रात्री कळपाजवळ माणूस, राखणीची मोठी कुत्री, दिवे, आवाज, दोरीला लावलेल्या लाल फडक्यांचं कुंपण. सात वर्षांची तुलना पुढे प्रसिद्ध झाली: जिथे ही राखण नव्हती तिथे लांडग्यांमुळे होणारं मेंढ्यांचं नुकसान साडेतीन पट होतं.

ही यादी पुन्हा वाचा. माणूस, कुत्री, उजेड, दोरीचं कुंपण. आपला वाडा याहून वेगळं काय करतो? फरक एवढाच की तिथे लांडगा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपवला गेला, त्यासोबत राखणीची विद्याही गेली, आणि आता ती पैसे मोजून नव्याने शिकावी लागते आहे. आयडाहोच्या डोंगरात रात्र काढणारे मेंढके बहुतेक पेरूहून आलेले मजूर असतात, पण मजूर असतात. त्यांना पगार असतो. कोलोरॅडोचं उदाहरण तर आपल्याला आरसा दाखवणारं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे लांडगे परत आणण्यावर मतदान झालं आणि ५१ टक्क्यांहूनही किंचित कमी मतांनी ते मंजूर झालं. डेन्व्हर, बोल्डरसारख्या शहरांनी हो म्हटलं, गुरं पाळणाऱ्या पश्चिमेकडच्या कौंट्यांनी बहुतांशी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दहा लांडगे सोडले, वसंतात वासरं-मेंढ्या मरू लागल्या, कटुता वाढली, आणि मग घोड्यावरून कळपाभोवती फिरणारे पगारी राखणदार नेमायची घाई झाली. राखण आधी उभी करायची आणि लांडगा नंतर आणायचा, हा क्रम चुकला. आपल्याकडे लांडगाही आहे आणि राखणही आहे. ती राखण मोडून पडायची वाट पाहत आपण बसलो आहोत.

पण तुलना फार ताणू नये. तिकडचा रँचवाला हजारो एकरांचा धनी किंवा भाडेकरू असतो, राज्याच्या राजकारणात त्याचं वजन असतं. आपल्या मेंढपाळाच्या पायाखालची जमीन रोज दुसऱ्याची असते.

दुसरा आक्षेप बहराइचचा. २०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुलं नेली, आणि सगळ्या देशाला लांडग्याचं नाव एका भयाच्या रूपात कळलं. १९९६ मध्येही पूर्व उत्तर प्रदेशात सत्तरहून अधिक मुलांवर हल्ले झाले होते. हे अपवाद म्हणून उडवून लावणं मला जमणार नाही; ज्या आईचं मूल गेलं तिच्यासमोर अपवाद हा शब्द उच्चारवत नाही. जो लांडगा मुलांवर जातो त्याला पकडणं किंवा मारणं भागच आहे. पण १९९६ च्या घटनांचा ज्यांनी अभ्यास केला त्यांना दिसलं की बळी पडलेली मुलं अत्यंत गरीब घरांतली होती, दार नसलेल्या झोपड्यांतली, पुरेशी देखरेख नसलेली. तिथे लांडग्याला शिकार म्हणून रानातलं जनावर नव्हतं आणि गुरं मात्र चोख राखलेली होती. महाराष्ट्राच्या माळावर अशी वेळ आलेली नाही; इथे माणसावरचे हल्ले विरळा आणि बरेचसे पिसाळलेल्या जनावराचे. ती वेळ येऊ द्यायची नसेल तर काय टिकवावं लागेल? माळ, त्यावरचं काळवीट-चिंकारा आणि त्यात फिरणारं मेंढरू. आणि सरसकट लांडगे मारणं हा उपाय करून पाहिलेला आहे. इंग्रजांनी बक्षिसं लावून १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांहून अधिक लांडगे मारवले असा अंदाज आहे. त्यानंतरही पूर्व उत्तर प्रदेशातलं ते भय संपलं नाही. पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय आपण जुन्नरला बिबट्यांवर केला, आणि हल्ले घटण्याऐवजी वाढल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या, म्हणजे निसर्ग वाचवू पाहणाऱ्या मित्रांचा आहे. अतिचराईने माळ उजाड होतो, मेंढरं काळवीट-चिंकाऱ्याचा चारा खातात, सोबतची कुत्री रोग पसरवतात. यातलं कुत्र्यांचं म्हणणं गंभीर आहे. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय पुराव्यानिशी सिद्ध झालं, आणि डिस्टेंपर, रेबीज यांची भीती वेगळीच. जगातल्या करड्या लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशशाखांपैकी एक आपला हा लांडगा आहे. तो गोळीने नाही तर मोकाट कुत्र्यांत मिसळून संपला तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण ही मोकाट कुत्री आली कुठून? गावाच्या, हॉटेलांच्या, कोंबडी-फार्मच्या उकिरड्यांवर पोसलेली बहुसंख्य आहेत. वाड्याच्या कुत्र्याला धनी असतो, त्याला लस टोचणं सोपं आहे. टोचायला जातं कोण?

चराईबद्दल मात्र आपण निसर्गप्रेमींनी आपला इतिहास आठवावा. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासाने दाखवलं की म्हशी हटल्यावर गवताने पाणथळी गुदमरल्या आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्या पक्ष्यांचं नुकसान झालं. आपल्या घरचं उदाहरण माळढोकचं. १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य घोषित झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि लोकांनी त्या पक्ष्याचा राग धरला. पुढे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटर केलं, पण तोवर माळढोक दिसेनासा होत चालला होता. ज्याच्यासाठी एवढं कागदी साम्राज्य उभारलं तो गेला, आणि ज्याच्यासाठी फारसं काहीच केलं नाही तो लांडगा त्याच माळावर टिकला. का टिकला, याचं उत्तर वाघरीपाशी आहे.

आणि माळाला खाणारं मेंढरू आहे की आपण? ज्या जमिनीचा महसूल येत नाही ती पडीक, ही साहेबाची समज होती. ती आपण जशीच्या तशी ठेवली. आजही गवताळ रानं सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवली जातात. पडीक म्हटलं की तिथे ग्लिरिसिडिया लावता येतो, चर खणता येतात, एमआयडीसी आणता येते, सौर पट्ट्या अंथरता येतात. आदर्श गावांच्या पंचसूत्रीतल्या चराईबंदीने काही गावांचं पाणी वाढलं, हे मी आदराने मान्य करतो. पण बाहेरून येणाऱ्या वाड्याला त्या बंदीने कुठे जायला सांगितलं? वनहक्क कायदा २००६ चा. त्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण महाराष्ट्रातला धनगर भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. म्हणून त्याला तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याची ओळखच फिरण्याची, त्याच्याकडे रहिवासाचा पुरावा मागायचा! आरक्षणाचा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा; चराईच्या हक्कासाठी त्या निकालाची वाट पाहायचं कारण नाही.

मग पैसे द्यायचे कसे? राखणीचे पैसे म्हटलं की लगेच विचारलं जातं, राखली की नाही हे मोजणार कोण, उद्या कोणीही उठून मी राखतो म्हणेल. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर स्वीडनने दिलेलं आहे. तिथले सामी लोक रेनडिअर पाळतात. वूल्व्हरीन आणि लिंक्स हे शिकारी प्राणी त्यांचे कळप खातात. १९९६ पासून तिथलं सरकार त्यांना मेलेल्या रेनडिअरमागे पैसे देत नाही. सामी गावाच्या हद्दीत वूल्व्हरीनने किंवा लिंक्सने पिलं घातल्याची खात्री झाली की दर वेतामागे ठरलेली रक्कम, दोन लाख क्रोनर, त्या गावाला मिळते. पिलं मोजता येतात, त्यात खोटेपणाला वाव कमी. रेनडिअर राखून वाचवलं तर तेही त्यांचंच. वूल्व्हरीनची संख्या त्यानंतर दुपटीहून जास्त झाली.

हेच आपल्या माळावर का होऊ नये? लांडग्याची पिलं थंडीत जन्मतात. बिळं बहुधा स्थानिक मेंढक्यांना आणि हौशी निरीक्षकांना ठाऊक असतात. एका मुलखातली पिलं पावसाळ्यापर्यंत जगली, की त्या मुलखात वर्षभर बसणाऱ्या वाड्यांना मिळून एक रक्कम द्यायची, वाटणी त्यांनी आपल्या बैठकीत करायची. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या वाड्यांचा हिस्सा किती, हेही त्यांनीच ठरवायचं. मेलेल्या मेंढीची भरपाई बंद करू नये, पण वाड्याला कुठल्याही तालुक्यात अर्ज करता यावा आणि मोबाइलवर काढलेला फोटो पंचनाम्याला पुरेसा धरावा. सोबत नव्या वाघरी, चांगल्या बॅटऱ्या, कुत्र्यांना लस. बारामती, इंदापूर, दौंड आणि पुरंदर या चार तालुक्यांपुरता हा प्रयोग पुढच्या थंडीत सुरू करता येईल. कोणता वाडा कोणत्या माळावर बसतो याची यादी करायला नवी पाहणी नको. त्या गावांचे पोलीस पाटील ती तोंडपाठ सांगतील.